चामखीळ, वांग आणि कोड : कातडीवरच्या डागांचा आपला जुना इतिहास



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, चळवळीवर आणि विहाराच्या उभारणीवर लेख असतातच. यंदा आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

वर्षावासात आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. समाजाच्या तळच्या माणसांच्या धम्मदीक्षांचा भाग आला. उपाली न्हावी झाला, सुनीत झाडूवाला झाला, सोपाक झाला आणि शेवटी सुप्रबुद्ध कुष्ठरोगी आला. वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एका काकूंनी विचारले, "काय हो, त्या काळी ह्या रोगाला औषध होतं का? का नुसतंच लांब बसवायचे?" आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हटलं आणि वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात वस्तीत दोन गोष्टी घडल्या. एका पोराच्या मानेवर चामखीळ होती. आजीने मायेपोटी तिच्यावर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. चामखीळ गेली, पण जखम चिघळली, पोराला ताप भरला आणि मानेवर रुपयाएवढा व्रण कायमचा राहिला. दुसरी गोष्ट अशी की एका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीची सोयरीक सुपारीपर्यंत येऊन मोडली. का? तर तिच्या कोपरावर आणि पायाच्या घोट्यावर पांढरे डाग आहेत. मोडणारे लोक परके नव्हते. आपलेच, बावीस प्रतिज्ञा म्हणणारे होते.

तेव्हा आम्ही ठरवले की काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आणि ते लिहूनच काढायचे. या दोन घटनांचे मूळ कुठे आहे तेही त्यातच सापडेल असे वाटले, आणि सापडले.

शब्दच इतिहास सांगतात

आपण रोज बोलतो ते शब्द आधी बघू. 'चामखीळ' म्हणजे संस्कृत ग्रंथांतले 'चर्मकील', म्हणजे चामड्यात ठोकलेली खीळ. तोंडावर काळसर पट्टे येतात त्यांना आपल्या बायका 'वांग' म्हणतात. सुश्रुताच्या ग्रंथात तो 'व्यंग' आहे. 'तीळ' हा तिथे 'तिलकालक', म्हणजे तिळाएवढा काळा ठिपका. 'कोड' हा शब्द 'कुष्ठ', पालीतला 'कुट्ठ', यावरून आला. विदर्भात 'दाद' म्हणतात तो पालीतला 'दद्दु', आणि अंगाला 'कंड' सुटते ती पालीतली 'कण्डु'.

अंगुत्तर निकायातील गिरिमानंद सुत्तात माणसाच्या शरीराला होणाऱ्या रोगांची मोठी यादी आहे. त्यात कुट्ठ, गण्ड, किलास, दद्दु, कण्डु, कच्छु अशी कातडीच्या रोगांची रांगच लागते. गण्ड म्हणजे गळू. किलास म्हणजे कातडीवरचे पांढरे डाग. कच्छु म्हणजे खरूज. म्हणजे आपल्या आजीच्या तोंडची भाषा आणि तिपिटकाची भाषा या बाबतीत फार लांब नाहीत. मात्र एक लक्षात ठेवावे. जुन्या ग्रंथांत 'कुष्ठ' हा शब्द एकाच रोगाचा नाही. चरकाने कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले, ७ महाकुष्ठ आणि ११ क्षुद्रकुष्ठ. त्यांत आज आपण ज्याला महारोग म्हणतो तोही आला आणि साधा नायटाही आला. इथूनच पुढे मोठा घोळ झाला. कातडीवर काही दिसले की लोक एकाच नजरेने बघू लागले.

विनयपिटकातली औषधाची पेटी

आता भगवान बुद्धांच्या काळाकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खंधक. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की विनय म्हणजे नुसते नियम. पण हे प्रकरण वाचले तर एखाद्या दवाखान्याची वही वाचल्यासारखे वाटते. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच मुख्य औषधे. मग मुळे : हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. पाने आणि काढे : कडुलिंब, कुडा, कडू पडवळ, तुळस, करंज. फळे : हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरी, वावडिंग. यांतली निम्मी औषधे आजही आपल्या घरात डब्यात असतात.

याच प्रकरणात स्थविर आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची हकीकत आहे. त्यांना अंगभर पुरळ उठून पाणी वाहत होते. चीवर अंगाला चिकटून बसे. भिक्खू पाण्याने भिजवून भिजवून ते सोडवत होते. भगवंतांनी हे पाहिले आणि विचारपूस केली. मग ज्याला खाज, फोड, स्राव किंवा असे पुरळ असेल त्याला अंगाला लावायला औषधी चूर्ण वापरण्याची परवानगी दिली. पुढे अशा रोग्यासाठी चीवराच्या आत नेसायला वेगळे कापडही मंजूर केले. तथागतांनी उपदेश करण्याआधी चिकटलेले कापड पाहिले, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

एका भिक्खूला गळू झाले होते. त्याच्यासाठी एकामागून एक परवानग्या आल्या त्या क्रमाने बघा. शस्त्राने फोडणे. तुरट काढ्याने धुणे. तिळाचा लगदा लावणे. पोटीस बांधणे. वर पट्टी बांधणे. खाज सुटली तर मोहरीचे पीठ शिंपडणे. जखम ओली राहिली तर धुरी देणे. जखमेवर फाजील मांस वाढले तर ते मिठाच्या खड्याने काढणे. जखम भरत नसेल तर तेल लावणे. हा क्रम कुणी मनाने रचलेला नाही. रोग्याजवळ बसून, काल काय झाले आणि आज काय दिसते हे बघूनच तो ठरलेला दिसतो. मात्र शस्त्राला मर्यादाही होती. राजगृहात एका भिक्खूच्या भगंदरावर वैद्याने शस्त्र चालवले, तेव्हा त्या नाजूक जागी शस्त्रक्रिया करण्यास भगवंतांनी मनाई केली. कातडी नाजूक, तिथे जखम भरणे अवघड, असे कारणही दिले.

पाच रोग आणि जीवकाची अडचण

आता एक अवघड गोष्ट. ती आम्ही लपवणार नाही.

महावग्गातच सांगितले आहे की मगध देशात पाच रोग फार पसरले होते : कुट्ठ, गण्ड, किलास, सोस म्हणजे क्षय, आणि अपमार म्हणजे फेफरे. पाचांतले तीन कातडीचे. लोक जीवक वैद्याकडे गेले. जीवक म्हणाला, मी बिंबिसार राजाचे, त्याच्या अंतःपुराचे आणि भिक्खुसंघाचे औषधपाणी बघतो, मला सवड नाही. लोकांनी घरदार देऊ केले, गुलाम होतो म्हणाले, तरी त्याचा नाइलाज होता. मग लोकांनी मार्ग काढला. आपणच भिक्खू झालो तर? भिक्खू सेवा करतील आणि जीवक औषध देईल! तसे पुष्कळ जण झाले. संघात आजाऱ्यांची गर्दी झाली, जीवकाची राजाकडची कामे राहू लागली. एक जण बरा होऊन चीवर सोडून घरी गेला, तो जीवकाला रस्त्यात दिसला. जीवकाने भगवंतांना विनंती केली आणि नियम झाला की या पाच रोगांनी ग्रस्त माणसाला प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी हे पाच रोग आहेत का असे विचारले जाते.

कुणी म्हणेल, म्हणजे बौद्ध धम्मातही रोग्याला दार बंदच होते की! आम्ही यावर विचार केला. नियमाचे कारण ग्रंथातच लिहिले आहे आणि ते विटाळ नाही, पाप नाही. एक वैद्य आणि रोगी हजार, ही ती अडचण आहे. संघात आल्यावर ज्याला रोग झाला त्याला बाहेर काढा असे कुठे म्हटलेले नाही. उलट अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदांसह स्वतः धुतले आणि रोग्याची सेवा हीच माझी सेवा असे भिक्खूंना बजावले, ती हकीकत महावग्गातच आहे. तरीही त्या गर्दीतला, जीवकाने परत पाठवलेला गरीब माणूस आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याने मग कुणाकडे जायचे?

याचे उत्तर इतिहासाने पुढे दिले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केल्याचे आणि जिथे औषधी वनस्पती नाहीत तिथे त्या आणून लावल्याचे कोरून ठेवले. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्खू फाहियान पाटलिपुत्रात आला. त्याने तिथे गरीब, अनाथ, पांगळे आणि आजारी यांना फुकट अन्न व औषध देणारी घरे पाहिली. १९५१ ते १९५५ या काळात पाटण्याजवळ कुम्हरार येथे उत्खनन झाले, तेव्हा आरोग्यविहार आणि भिक्खुसंघ अशी नावे असलेली मातीची मुद्रा सापडली. म्हणजे जीवकाच्या दारातून परत गेलेल्या माणसासाठी पुढे विहारानेच दार उघडले.

सुश्रुताचे डोळे आणि सुश्रुताचा क्षार

आता आयुर्वेदाचे ग्रंथ. चरकसंहिता आणि सुश्रुतसंहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपाला आल्या. सुश्रुताच्या ग्रंथावर नागार्जुनाने संस्कार केले असे बाराव्या शतकातला टीकाकार डल्हण सांगतो. केनेथ झिस्क या अभ्यासकाने १९९१ साली आपल्या पुस्तकात मांडले की हे वैद्यकशास्त्र वाढले ते मुख्यतः श्रमणांच्या, विशेषतः बौद्ध संघाच्या वातावरणात. यज्ञ करणारे पुरोहित वैद्याला अपवित्र मानत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे म्हटले आहे. का? तर वैद्य कुणालाही शिवतो. ज्याला शिवाशिव पाळायची आहे त्याला नाडी कशी बघता येईल?

सुश्रुताने लहानसहान म्हणून ४४ रोग एकत्र सांगितले आहेत. त्यांत कातडीवरचे डाग आणि वाढी यांचे वर्णन बघण्यासारखे आहे. तिलकालक : काळा, तिळाएवढा, न दुखणारा, कातडीच्या बरोबरीत. मशक, म्हणजे आपला मस : काळा, उडदासारखा, न दुखणारा, पण वर आलेला. व्यंग : तोंडावर येणारे पातळ, काळपट मंडळ. तेच अंगावर दुसरीकडे आले तर नीलिका. बोटाने चाचपून, रंग आणि उंची बघून केलेली ही वर्गवारी आहे. यात जात नाही, गोत्र नाही.

उपचारही तसेच. वांगावर क्षीरी झाडांच्या, म्हणजे चीक असलेल्या वड-पिंपळासारख्या झाडांच्या साली दुधात वाटून लेप, आणि शिरेतून रक्त काढणे. तीळ आणि मस असेल तर तो शस्त्राने कोरून त्या जागी क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू डाग देणे.

हा क्षार म्हणजे काय? आघाड्यासारख्या झाडांची राख पाण्यात कालवून गाळायची, आटवायची आणि त्यात भाजलेल्या शिंपल्यांचा, शंखाचा चुना मिसळायचा. लक्षात आले का? पोराच्या मानेवर आजीने चुना आणि सोडा लावला तो सुश्रुताचाच क्षार! दोन हजार वर्षे तो उपाय तोंडातोंडी आपल्या चाळीपर्यंत आला.

पण काय आले नाही ते बघा. सुश्रुताने क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार केले आणि कुठे कोणता ते ठरवून दिले. लहान मुले, म्हातारे, गरोदर बाई आणि अशक्त माणूस यांना क्षार लावू नये म्हटले. पिकलेल्या जांभळासारखा रंग आला म्हणजे पुरे, हे सांगितले. मग वर आंबट कांजी घालून क्षाराचा जोर मारायचा हे सांगितले. शिकाऱ्याने आधी कोहळा, काकडी यांवर कापण्याचा आणि मऊ मांसाच्या तुकड्यांवर डागण्याचा सराव करावा म्हटले. आणि शेवटी बजावले की अडाण्याच्या हातचा क्षार हा विषासारखा, शस्त्रासारखा आणि विजेसारखा जीव घेतो. उपाय उरला आणि सगळी सावधगिरी वाटेत गळाली. आजीचा दोष नाही. तिच्यापर्यंत अर्धीच विद्या पोहोचू दिली गेली. ज्या समाजाला दोन हजार वर्षे पोथी उघडू दिली नाही त्याच्या हातात पोथीतले दुसरे काय पडणार?

पाप कुठून आले?

आता त्या मुलीच्या सोयरिकीकडे येऊ.

वैद्यांच्या ग्रंथांतही सगळे स्वच्छ नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चरक कुष्ठाची कारणे सांगताना विरुद्ध आहार, उलटी दाबून धरणे, उन्हातून येऊन एकदम थंड पाण्यात जाणे अशी शरीराची कारणे देतो आणि त्याच दमात ब्राह्मणांचा व गुरूंचा अपमान, पापकर्म हेही कारण म्हणून घालतो. पांढऱ्या डागांबद्दल तर खोटे बोलणे, कृतघ्नपणा, देवांची निंदा आणि मागची कर्मे यांची यादीच आहे. वैद्याचा डोळा एक सांगत होता आणि समाजाचे दडपण दुसरे लिहून घेत होते, असे आम्हांला वाटते.

मनुस्मृतीने तर कायदाच केला. अकराव्या अध्यायात कुठल्या पापाला पुढच्या जन्मी शरीराचा कोणता दोष, याचा हिशेब आहे. त्यात खराब कातडीही आहे. आणि तिसऱ्या अध्यायात कोणत्या घराण्यांतली मुलगी करू नये ते सांगताना क्षय, फेफरे, पांढरे डाग आणि कुष्ठ असलेली घराणी वगळायला सांगितली आहेत. नीट बघा, महावग्गातल्या पाच रोगांपैकी चार इथे आले आहेत. रोग तेच, दृष्टी वेगळी. तिकडे प्रश्न होता रोगी जास्त आणि वैद्य एक. इकडे घराणेच्या घराणे कायमचे डागी ठरवले.

भगवान बुद्धांची या प्रश्नावरची भूमिका संयुत्त निकायात आहे. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले, माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात, आपण काय म्हणता? भगवंतांनी आठ कारणे मोजून दाखवली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, बाहेरचा आघात आणि आठवे कर्म. सगळेच पूर्वकर्मावर टाकणारे लोक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीही नाकारतात, असा त्या उत्तराचा आशय आहे. आठांतली सात कारणे वैद्याला समजतील अशी आहेत.

सुप्रबुद्धाची मूळ कथा उदान ग्रंथात सुप्पबुद्ध या नावाने आहे. तो राजगृहातला अत्यंत गरीब, उपेक्षित कुष्ठरोगी. लांबून गर्दी दिसली, अन्नदान असेल म्हणून आला. बघतो तर उपदेश चालू. तरी तो एका बाजूला बसला. भगवंतांनी सभेवरून नजर फिरवली, त्यांना हाच माणूस समजून घेण्यास योग्य दिसला, आणि त्यांनी त्याच्यासाठी पायरीपायरीने उपदेश केला. पुढे एका गाईने मारून तो मेला. त्या कथेच्या शेवटी त्याच्या रोगाला मागच्या जन्मीच्या अपराधाचे कारण जोडलेले आहे, हेही खरे. पण सीवकाला दिलेल्या उत्तरापुढे ते ठेवून बघितले की कोणता विचार धरायचा हे आपले आपल्याला कळते. प. पू. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच केले. गरीब आणि पददलित यांच्या दुर्दशेची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून टाकावी, यासाठीच पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा उपयोग होतो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे.

कडू कवठाचा प्रवास

काकूंचा प्रश्न अजून उरला आहे : औषध होते का? होते, अर्धेमुर्धे.

सुश्रुताने कुष्ठावर तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचे तेल सांगितले. हे झाड पश्चिम समुद्राच्या किनाऱ्याला होते असे तो म्हणतो. हे आपले सह्याद्री-कोकणातले कडू कवठ, असे अभ्यासक मानतात. याच जातकुळीतल्या झाडाचे चौलमुगरा तेल १८५४ साली कलकत्त्याच्या डॉ. मौअट यांनी युरोपीय वैद्यकाच्या नजरेस आणले. महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला. तेव्हाच पापाचा प्रश्न निकालात निघायला हवा होता. पण तेल पोटात घेतले की मळमळे, टोचले तर गाठी येत.

ही अडचण सोडवली ती अमेरिकेच्या हवाई बेटावर अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय मुलीने. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती. तिथल्या महाविद्यालयाची १९१५ सालची पदव्युत्तर पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिने तेलातले घटक टोचता येतील अशा रूपात आणले. १९१६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिचे काम दुसऱ्याच प्राध्यापकाने आपल्या नावावर पुढे नेले. १९२२ साली तिच्याबरोबर काम केलेल्या डॉक्टरांनी तिचे नाव छापले, पण हवाई विद्यापीठाने तिच्या नावाची पाटी लावली ती २००० साली! आपल्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको. सह्याद्रीच्या झाडाच्या नात्यातले तेल, वैद्यांची जुनी विद्या आणि एका उपेक्षित समाजातल्या मुलीची बुद्धी, यांनी मिळून १९४० नंतर नवी औषधे येईपर्यंत जगभरच्या रोग्यांना आधार दिला.

आपल्याकडे १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी आणि १९४९ साली वरोऱ्याला बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. आज सहा किंवा बारा महिन्यांत हा रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. १८९८ चा इंग्रजांचा कुष्ठरोग्यांविरुद्धचा कायदा मात्र २०१६ सालापर्यंत पुस्तकात होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली रद्द झाले. औषध आधी आले, कायदा मागून आला, आणि मने अजून यायची आहेत.

कोड आणि ऊन

पांढऱ्या डागांचा, म्हणजे कोडाचा महारोगाशी काही संबंध नाही. तो लागत नाही, शिवल्याने पसरत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच संरक्षणशक्ती उलटते, म्हणून डाग पडतात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते असे आपल्या घरोघर सांगतात. तो चरकाच्या विरुद्ध आहाराचा शिल्लक राहिलेला धागा आहे. त्याला आजच्या वैद्यकात पुरावा नाही.

पण त्याच चरकाने एक गोष्ट नेमकी पाहिली होती. पांढऱ्या डागांच्या रोग्याला रानउंबराचा रस गूळ घालून द्यावा आणि मग सोसेल तितके उन्हात बसवावे, असे त्याने लिहिले आहे. बावचीचे बीही वैद्य त्यासाठी वापरत. आज कळले आहे की या वनस्पतींत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे कातडी उन्हाला जास्त प्रतिसाद देते. १९४८ साली इजिप्तच्या डॉ. अल मोफ्ती यांनी तिकडच्या एका वनस्पतीतले तसलेच द्रव्य कोडावर वापरले. पुढे यंत्राच्या मोजून दिलेल्या किरणांबरोबर हीच पद्धत दवाखान्यांत आली. मात्र न मोजता बावचीचे तेल लावून उन्हात बसले तर अंग भाजून फोड येतात. पुन्हा तेच : उपाय जुना, पण माप पाहिजे.

आपण काय करायचे

म्हणून आम्ही विहारातर्फे चार गोष्टी सांगतो. तीळ किंवा चामखीळ चुना, सोडा, बिबा लावून घरी जाळू नये. चामखीळ विषाणूमुळे होते, ती डॉक्टर सहज काढतात. तीळ वाढू लागला, त्याचा रंग बदलला किंवा त्यातून रक्त आले, तर लगेच दाखवावे, तो साधा तीळ नसेलही. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर टोचलेले कळत नसेल तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात जावे. आणि कोडाचे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावेत.

पाचवी गोष्ट औषधाची नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. आपण दरवर्षी त्या दिवसाची आठवण काढतो. पण सोयरीक बघायला गेल्यावर मुलीच्या कोपराकडे आपली नजर जाते, तेव्हा त्याच पोथीचा तिसरा अध्याय आपल्या घरात उघडा पडलेला असतो. तो कुणी जाळायचा?

ती मुलगी आता दवाखान्यात उपचार घेते. डाग थोडे भरले आहेत, थोडे तसेच आहेत. आम्ही हा लेख लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारले. ती म्हणाली, "लिहा काका, पण मला गरीब बिचारी करू नका." तसे आम्ही केलेले नाही. रविवारच्या वंदनेला ती पहिल्या रांगेत असते आणि अर्ध्या बाह्यांचे पोलके घालते. लहान मुलांचा पाली वर्ग हल्ली तीच घेते. दद्दु, कण्डु, कच्छु हे शब्द आम्हांला नीट उच्चारायला शिकवले तेही तिनेच.

काकू, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बरेच रविवार गेले, माफ करा. औषध होते, आहे आणि आता तर चांगले आहे. लांब बसवणे हे मात्र औषध कधीच नव्हते.

जयभीम! नमो बुद्धाय!